फिफ्थ अव्हेन्यू माईल पहिल्यांदाच पळताय? मग आधी हे वाचा

न्यू यॉर्कमध्ये किंवा नदीपलीकडे जर्सी सिटी, होबोकेन, एडिसन या भागात राहणाऱ्या आणि नुकतंच पळायला लागलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. आपल्याकडे पळणं म्हटलं की लोक थेट १०के नाहीतर २१के (के म्हणजे किलोमीटर) विचारतात, भारतातून फोन आला तरी काका पहिला प्रश्न करणार "मॅरेथॉन कधी?", आणि त्यात एक मैल पळायची रेस म्हटलं की लोकांना हसूच येतं, एवढ्यासाठी कशाला बिब (छातीवरचा नंबराचा कागद) लावायचं आणि पैसे भरायचे वगैरे. पण माझं स्पष्ट मत आहे की नवीन माणसाने पहिली रेस म्हणून हीच करावी. चार-पाच महिने तयारी लागत नाही, गुडघे झिजत नाहीत, अर्धा रविवार मोकळा राहतो, आणि तरीही रेस म्हणजे काय असतं ते पुरेपूर कळतं. फक्त ती छोटी आहे म्हणून सोपी आहे असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका, तिसऱ्या मिनिटाला ते आपोआप निघतंच पण तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी रेस काय आहे ते समजून घ्या

ही रेस १९८१ पासून चालू आहे, न्यू यॉर्क रोड रनर्स म्हणजे एनवायआरआर, जे न्यू यॉर्क मॅरेथॉन घेतात तेच ही घेतात. साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डे नंतरच्या रविवारी असते. कॅलेंडरप्रमाणे अजून उन्हाळाच असतो आणि हवाही तशीच वागते. तयारी तर सगळी जून-जुलै-ऑगस्टच्या उकाड्यातच करावी लागते.

रस्ता एकदम सरळ, एकही वळण नाही. फिफ्थ अव्हेन्यूवर ८० व्या स्ट्रीटला, म्हणजे मेट म्युझियमच्या दक्षिण टोकाशी सुरू आणि ६० व्या स्ट्रीटला, प्लाझा हॉटेलच्या जरा अलीकडे संपली. एरवी गाड्या ज्या दिशेने जातात त्याच दिशेने आपण पळायचं, उजव्या हाताला सेंट्रल पार्क, डाव्या हाताला त्या महागड्या इमारती ज्यांच्या दारातला दरवान पण आपल्यापेक्षा चांगल्या कपड्यात असतो. मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण २० ब्लॉक म्हणजे साधारण एक मैल, त्यामुळे इथे हिशोब फार सोपा होतो आणि पुढे तोच हिशोब आपल्याला वाचवणार आहे.

एक मैल म्हणजे १६०९ मीटर. शाळेत १५०० मीटर पळला असाल तर त्याच्यापुढे अजून शंभरेक मीटर.

सगळे एकदम सुटत नाहीत हे अजून एक महत्त्वाचं. वय आणि गटाप्रमाणे वेगवेगळ्या हीट्स, म्हणजे एकत्र सुटणाऱ्या तुकड्या असतात, सकाळभर एकामागून एक सुटत राहतात, लहान मुलांच्याही असतात, आणि शेवटी प्रो लोकांच्या. म्हणजे तुमच्या आजूबाजूला साधारण तुमच्याच वयाचे लोक असतात, पंचविशीतली पोरं भुर्रकन पुढे गेली म्हणून वाईट वाटायचं कारण नाही (पन्नाशीतले लोक भुर्रकन पुढे जातील, ते वेगळं).

नोंदणी

एनवायआरआरच्या साईटवर अकाउंट काढायचं आणि रेस निवडायची, मेंबरना फी कमी पडते. वर्षात एकच रेस करणार असाल तर नुसती फी भरा, तीन-चार करायच्या असतील तर मेंबरशिपचा हिशोब करून बघा. त्यांची ९+१ म्हणून मेंबरसाठी एक योजना आहे, वर्षात ९ रेस पळायच्या आणि एकदा व्हॉलंटियर करायचं की पुढच्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये जागा मिळते, आणि बरेच जण या रेसला त्यासाठीच येतात कारण नऊपैकी सगळ्यात छोटी हीच. तुमच्या वर्षी कुठल्या रेस धरतात ते मात्र साईटवर बघून घ्या.

नोंदणी करताना जन्मतारीख नीट टाका, हीट त्यावरून ठरते. बिब कुठे आणि कधी घ्यायचं, तुमची हीट किती वाजता, सामान कुठे ठेवायचं हे सगळं ईमेलने येतं आणि आपण लोक तो ईमेल वाचत नाही, सकाळी सात वाजता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारतो "कोणाला माहितीये का?". वाचा तो. आणि मित्राला जमत नाहीये म्हणून त्याचं बिब लावून पळायचं नाही, त्यांचा नियम कडक आहे, वेळ त्याच्या नावावर लागते, आणि काही झालं तर मेडिकलवाल्यांना माहिती चुकीच्या माणसाची मिळते.

उन्हाळ्यातली तयारी

सहा ते आठ आठवडे पुरतात, जर तुम्हाला २०-२५ मिनिटं न थांबता हळू पळता येत असेल तर. येत नसेल तर आधी तेवढं करा, दोन मिनिटं पळणं एक मिनिट चालणं असं करत करत, त्यात काही कमीपणा नाही. आणि चाळिशीच्या पुढे असाल, बीपी किंवा शुगर असेल, घरात हार्टची हिस्ट्री असेल तर डॉक्टरला विचारूनच सुरू करा. आपल्या लोकांना हार्टचा त्रास तुलनेने लवकर वयात होतो आणि मैल जोरात पळणं म्हणजे हृदयाला पूर्ण ताण.

आठवड्यात तीन-चार दिवस बास. दोन दिवस आरामात, म्हणजे बोलता येईल इतक्या वेगाने, अर्धा तास ते चाळीस मिनिटं. हे लोकांना कंटाळवाणं वाटतं पण मैल पळताना लागणारी ताकद साधारण ८० टक्के याच दमातून येते, नुसतं स्प्रिंट मारून मैल सुधारत नाही. त्या आरामाच्या पळण्याच्या शेवटी चार वेळा वीस-वीस सेकंद जरा मोकळं होऊन वेगात पळायचं, मध्ये पूर्ण श्वास खाली येईपर्यंत चालायचं, याला स्ट्राइड्स म्हणतात. पायांना वेगाची ओळख राहते एवढाच त्याचा उपयोग, जीव काढायचा नाही.

एक दिवस ट्रॅकवर जा. जर्सी सिटीत लिंकन पार्कात आहे, ब्रुकलिनला मॅकॅरेन पार्कात आहे. ४०० मीटरच्या चार फेऱ्या म्हणजे मैलाला नऊ मीटर कमी. पहिले दोन-तीन आठवडे २०० मीटर सहा वेळा, मध्ये २०० चालत. नंतर ४०० मीटर चार किंवा पाच वेळा, रेसमध्ये ज्या वेगाने पळायचंय त्याच वेगाने, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. इथे सगळ्यांची गाडी एकाच जागी घसरते, पहिली फेरी खूप जोरात आणि शेवटची रडत. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली पाहिजे, जमत नसेल तर वेग कमी करा, अहंकार नंतर बघू. रेसच्या साधारण दोन आठवडे आधी एकदा तीन फेऱ्या सलग, ठरवलेल्या वेगाने, म्हणजे तो वेग खरंच तुमचा आहे की नुसती इच्छा आहे ते कळेल. शेवटचा आठवडा हलका.

जमलं तर आठवड्यातून एकदा थोडा चढ घ्या. सेंट्रल पार्कात ईस्ट ड्राइव्हवर कॅट हिल आहे, रेसच्या स्टार्टपासून अगदी जवळ, तिथे दबा धरून बसलेल्या पँथरचा पुतळा आहे म्हणून ते नाव. जर्सी सिटीवाल्यांना तिथल्या हाइट्स भागातले चढ आहेतच.

वेग किती धरायचा? तुम्ही ५के साधारण ३० मिनिटांत पळत असाल तर मैल ९ मिनिटांच्या आसपास जायला पाहिजे. आपलं डोकं किलोमीटरमध्ये चालतं म्हणून सांगतो, १० मिनिटांचा मैल म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं १३ सेकंद, ८ मिनिटांचा म्हणजे ४ मिनिटं ५८ सेकंद.

उकाड्याबद्दल. इथला जुलै-ऑगस्ट म्हणजे तापमान बघून काही कळत नाही, ड्यू पॉइंट बघायचा, म्हणजे हवा किती दमट आहे ते सांगणारा आकडा, हवामानाच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये असतो. ७० फॅरनहाइटच्या वर गेला, म्हणजे साधारण २१ सेल्सियस, की घाम वाळतच नाही आणि शरीर थंड होत नाही, अशा दिवशी वेगाचा नाद सोडायचा आणि नुसतं वेळ बघून पळायचं. मुंबई-कोकणातले लोक म्हणतील यात काय नवीन, पुणे-नाशिककडचे मात्र पहिल्या उन्हाळ्यात गार होतात. पहाटे सहाला निघा, घरी येऊन नुसतं पाणी नको, लिंबू सरबतात साखर-मीठ दोन्ही घाला. चक्कर, मळमळ, अंगावर काटा असं काही झालं तर तिथेच थांबायचं, सावलीत बसायचं, पाणी अंगावर ओतायचं. बरं वाटेना किंवा बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर सरळ ९११.

बुटांवर खर्च करू नका. ज्या बुटात रोज पळता तेच. कार्बन प्लेटवाले अडीचशे डॉलरचे बूट नवव्या मिनिटाला पोचणाऱ्या माणसाला काही फार देत नाहीत. टी-शर्टचंही तेच, लांबच्या रेसला कॉटन घालू नका म्हणतात ते बरोबर आहे पण एका मैलात कॉटन ओलं व्हायच्या आत रेस संपते, मंडळाचा टी-शर्ट घालून पळायचं असेल तर खुशाल पळा.

आदला दिवस, आणि मोदकांचा प्रश्न

हा प्रश्न आपल्यालाच पडतो. सप्टेंबरची सुरुवात म्हणजे गणपतीचे दिवस, २०२४ ला तर गणेश चतुर्थी शनिवारी ७ सप्टेंबरला आणि रेस दुसऱ्या दिवशी ८ तारखेला होती. मोदक खा, नाही कोण म्हणतंय, पण दुपारी खा, रात्री अकराला आरतीनंतर पाचवा-सहावा नको. आणि महाप्रसादात छोले-पुरी असेल तर ती दुसऱ्या दिवशी साठाव्या स्ट्रीटपर्यंत सोबत येते. रात्रीचं जेवण नेहमीचं, वरणभात, लवकर. ज्यांचा उपास असतो त्यांनी रेसच्या सकाळी तरी काहीतरी पोटात घालावं, केळं चालतं की उपासाला.

या रेसला जास्त खाऊन शक्ती साठवायची काहीच गरज नाही, दहा मिनिटांचा मामला आहे. रेसच्या दोन-अडीच तास आधी टोस्ट, केळं, थोडा चहा किंवा कॉफी, एवढंच. एनर्जी जेल (पळताना खायचं गोड पाकीट) वगैरे न्यायचं नाही, लोक हसतील.

रात्रीच बिब टी-शर्टला पुढच्या बाजूला चार पिनांनी लावून ठेवा. वेळ मोजायचा टॅग तिथेच असतो, घडी घालू नका.

सकाळी पोचायचं कसं

रस्ता बंद असतो त्यामुळे गाडी आणायचा विचार करू नका. जर्सी सिटी-होबोकेनवाल्यांनी पाथ ट्रेनने ३३ व्या स्ट्रीटला उतरा, तिथेच हेराल्ड स्क्वेअरला क्यू ट्रेन पकडा आणि ७२ व्या किंवा ८६ व्या स्ट्रीटला उतरा, मग पश्चिमेला चालत फिफ्थ अव्हेन्यू. एडिसन-मेट्रोपार्कवाले पेन स्टेशनवरून एक लांब ब्लॉक चालून हेराल्ड स्क्वेअरला येऊ शकतात. लेक्सिंग्टनवरून येणाऱ्यांना सहा नंबरची ट्रेन, ७७ व्या स्ट्रीटला उतरलं की जवळच. वीकेंडला सबवेत कामं चालू असतात आणि पाथचंही वेळापत्रक वेगळं असतं, आदल्या रात्री बघूनच झोपा. हीटच्या किमान सव्वा तास आधी तिथे पाहिजे, कारण टॉयलेटची लाईन रेसपेक्षा मोठी असते, खोटं नाही सांगत.

घरचे बघायला येणार असतील तर सगळे फिनिशला गर्दी करतात तिथे त्यांना पाठवू नका, ६७-६८ व्या स्ट्रीटच्या आसपास उभं राहायला सांगा. तिथे माणूस सगळ्यात जास्त त्रासात असतो आणि तिथेच नावाने मारलेली हाक उपयोगी पडते. लहान मुलं पळणार असतील तर एकच विनंती, कडेने पळत पळत "अरे पळ, अरे तो पुढे गेला बघ" करू नका. पळू दे त्यांना त्यांचं.

वॉर्मअप, हा टाळायचा नाही

मॅरेथॉनमध्ये पहिले दोन मैल वॉर्मअपसारखे वापरता येतात, इथे तसं करायला रेसच शिल्लक राहत नाही. जितकी रेस छोटी तितका वॉर्मअप मोठा. हीटच्या चाळीसेक मिनिटं आधी ७९ व्या किंवा ७६ व्या स्ट्रीटवरून पार्कात शिरा आणि दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू पळा. मग पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे वर घेऊन थोडं, टाचा मागे लावत थोडं, आणि शेवटी तीन-चार स्ट्राइड्स. घाम आला पाहिजे, श्वास एकदा वर जाऊन खाली आला पाहिजे. दमायला होईल म्हणून लोक घाबरतात, पण थंड शरीराने एकदम जोरात सुटलात की पहिल्या दोन मिनिटांत जो दम लागतो तो शेवटपर्यंत उतरत नाही. स्टार्ट लाईनला मागे किंवा कडेला उभे राहा. पुढे उभं राहून फोटो चांगला येतो आणि मग सगळे धक्के मारत पुढे जातात. हेडफोन काढून ठेवा, आठ-नऊ मिनिटं गाण्याशिवाय निघतात.

ते वीस ब्लॉक

आता मुद्द्याचं. पाच-पाच ब्लॉकचे चार तुकडे करा. ७५ वा स्ट्रीट म्हणजे पाव मैल, ७० वा म्हणजे अर्धा, ६५ वा म्हणजे पाऊण. घड्याळातल्या जीपीएसकडे बघू नका, एका बाजूला उंच इमारती असल्यामुळे तिथे वेग काहीही दाखवतो, स्ट्रीटच्या पाट्या खोटं बोलत नाहीत. १० मिनिटांचं लक्ष्य असेल तर दर पाच ब्लॉकला अडीच मिनिटं, म्हणजे एका ब्लॉकला ३० सेकंद. ८ मिनिटांचं असेल तर ब्लॉकला २४ सेकंद, ७५ व्याला घड्याळात दोन मिनिटं दिसली पाहिजेत.

पहिले पाच ब्लॉक हलका उतार आहे. बंदूक वाजते, लोक ओरडतात, उतार, ताजे पाय, आणि सगळी हीट पिसाटल्यासारखी सुटते. इथेच रेस हातातून जाते. तुम्हाला वाटलं पाहिजे की आपण फारच हळू चाललोय, आजीबाई पण पुढे गेल्या, काहीतरी चुकतंय. काही चुकत नाहीये. ७५ व्याला ठरवलेल्या वेळेपेक्षा चार-पाच सेकंदाहून जास्त लवकर पोचलात तर ताबडतोब वेग कमी करा, ते सेकंद बँकेत जमा होत नाहीत, पुढे व्याजासकट कापले जातात.

७५ ते ७० चढ. गाडीतून जाताना तो चढ आहे हे कळतही नाही, पळताना मात्र बरोबर कळतं. इथे दोन-चार सेकंद जास्त लागले तरी चालतं, पावलं छोटी करा, हात जरा जास्त हलवा, नजर दहा पावलं पुढे. पहिल्या तुकड्यात जे पुढे गेले होते ते आता एकेक करून मागे यायला लागतात आणि त्यातली मजा वेगळीच आहे. ७० व्याला डावीकडे फ्रिक म्युझियम, इथे अर्धी रेस झाली आणि चढ संपला.

आणि इथेच एक फसवणूक आहे. सरळ रस्ता, पुढे उतार, त्यामुळे फिनिशची कमान समोर दिसायला लागते आणि वाटतं आलंच. नाही आलं, अजून दहा ब्लॉक आहेत, ८०० मीटर. आत्ता जोर लावलात तर ६४ व्याला पाय सिमेंटचे होतील. ७० ते ६५ मध्ये वेग हळूहळू परत ठरवल्यावर आणायचा, तेवढंच. हा तुकडा सगळ्यात घाणेरडा असतो, छातीत जाळ, मांड्या भरून आलेल्या, आणि डोक्यात एकच प्रश्न की हे आपण पैसे भरून का करतोय. पुढच्या एका माणसाची पाठ धरा आणि फक्त ती सोडायची नाही एवढंच काम स्वतःला द्या.

६५ व्याला डावीकडे टेंपल इमॅन्यु-एल हे मोठं सिनेगॉग दिसतं. तिथून मात्र जे काय उरलंय ते सगळं लावा, आता राखून ठेवायचं काही कारण नाही. सरळ रेषेत पळा, कोणाच्या समोर तिरके घुसू नका. लाईन पार केल्यावरच घड्याळ बंद करा, आधी नाही, नाहीतर फोटोत सगळे हात वर करून आणि तुम्ही मनगटाकडे बघत.

छातीत दुखणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, हे "मैलाचं दुखणं" नाही. असं झालं तर कडेला व्हायचं आणि व्हॉलंटियरला सांगायचं.

संपल्यावर

लगेच खाली बसू नका किंवा आडवे होऊ नका, पाच-दहा मिनिटं चालत राहा. कोरडा खोकला येईल, घसा खरवडल्यासारखा होईल, जोरात मैल पळणाऱ्या बऱ्याच लोकांना होतो, तासा-दोन तासात जातो. दमा असेल तर इनहेलर घरी नाही, खिशात ठेवा. पाणी प्या, थोडं खा, आणि मग परत पार्कात दहा मिनिटं हळू पळून या, कोणी करत नाही पण जो करतो त्याच्या पोटऱ्या सोमवारी त्याला दुवा देतात.

आणि प्लीज लगेच घरी पळू नका, प्रो हीट्स बघून जा. टीव्हीवर ते लोक आरामात चाललेत असं वाटतं, रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर तो वेग कळतो. सिडनी मारीने पहिल्याच वर्षी, १९८१ मध्ये, ३:४७.५२ अशी वेळ काढली होती आणि ती तब्बल ४३ वर्षं टिकली, मग २०२४ ला ब्रिटनच्या जॉश करने ३:४४.३ मध्ये मोडली. बायकांमध्ये जेनी सिम्पसनने ही रेस आठ वेळा जिंकलीये, आठ! तुम्ही नुकतेच त्याच रस्त्यावर, त्याच चढावर जीव काढून आलेले असता त्यामुळे ७२ व्याच्या आसपास उभे राहून बघा, आपल्याला जिथे पावलं छोटी करावी लागली तिथे ते काय करतात.

तुमची वेळ एनवायआरआरच्या अ‍ॅपवर दिसते, त्यात वयोगटातला नंबर पण असतो. पुढचे दोन दिवस पोटऱ्या आणि मांड्यांचा मागचा भाग बोलणार, जिने उतरताना जास्त, त्यामुळे सोमवारी सुट्टी नाहीतर नुसतं चालणं. बुधवारपासून परत हळू पळायला लागा, आणि तोपर्यंत काका फोन करून मॅरेथॉनचं विचारतीलच.